सातेरीचं नाव बदललं का? 'एपिस करिंजोडियन'चा निबंध कसा वाचायचा



पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्या वाचकांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत असतो: "सातेरी मधमाशीचं शास्त्रीय नाव आता नक्की काय लिहायचं? एपिस सेराना, एपिस सेराना इंडिका, एपिस इंडिका, की ते नवीन एपिस करिंजोडियन?" चारही नावं छापील साहित्यात सापडतात. मार्गदर्शक एक सांगतात, पेपरात दुसरं असतं, बातमीत तिसरंच.

माझं मत आधी सांगते, मग कारणं. करिंजोडियन हे नाव २०२२ मध्ये रीतसर प्रसिद्ध झालं आहे. पण नाव प्रसिद्ध होणं आणि जाती सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातल्या, त्यातही नेवाशासारख्या मैदानी तालुक्यातल्या सातेरीला आज कोणतंही नवं नाव डोळे झाकून लावू नये, आणि जुनं नावही डोळे झाकून लावू नये. असं का, ते आज बघू.

एक खुलासा. वर्तमानपत्रं 'प्रजाती' हा शब्द स्पीशीजसाठी वापरतात, तर मराठी विश्वकोशातल्या अनेक नोंदींत तोच शब्द जीनससाठी आहे. गोंधळ नको म्हणून मी इथे स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'वंश' म्हणणार आहे. तुमच्या प्रबंधातही पहिल्या प्रकरणात हे एकदा स्पष्ट करून टाका.

नाव बदलणं आणि हद्द बदलणं

उदाहरण आपल्याच घोडेगावचं घेऊ. नेवासा तालुक्यातलं हे गाव, नगर–संभाजीनगर रस्त्यावरचं. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. घोडेगाव जागचं हललं नाही, जिल्ह्याची हद्दही तीच राहिली. फक्त पाटी बदलली. आता १९८१ आठवा: औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग काढून जालना जिल्हा तयार झाला. तिथे नुसती पाटी बदलली नाही, हद्द बदलली. १९८१ च्या आधीच्या कागदावर 'औरंगाबाद जिल्हा' असं लिहिलेलं असेल तर त्यात आजचं जालना शहरही येतं.

मधमाश्यांच्या नावांत हे दोन्ही प्रकार होतात आणि विद्यार्थी दोन्हींना सरसकट 'नाव बदललं' म्हणतात.

पहिला प्रकार नियमांचा. युरोपियन मधमाशीला लिनियसने १७५८ मध्ये एपिस मेलिफेरा म्हटलं, म्हणजे 'मध वाहून आणणारी'. माशी मध आणत नाही, फुलातला मधुरस आणते आणि मध पोळ्यात बनवते. म्हणून १७६१ मध्ये त्यानेच मेलिफिका, म्हणजे 'मध बनवणारी', असं नाव दिलं. अर्थ जास्त बरोबर, तरी आज आपण मेलिफेराच लिहितो, कारण प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आधीच्या नावाला अग्रक्रम आहे. माशी तीच, वाद फक्त पाटीचा.

दुसरा प्रकार अभ्यासाचा. आपल्याकडची डंख न मारणारी छोटी माशी स्मिथने १८५४ मध्ये ट्रायगोना इरिडिपेनिस म्हणून वर्णिली. पुढे ट्रायगोना या मोठ्या वंशाची फोड झाली. मूरे यांनी १९६१ मध्ये टेट्रागोन्युला हे नाव पुढे आणलं आणि २००७ नंतरच्या डीएनए अभ्यासांनी दाखवलं, की आशियातल्या माश्या अमेरिकेतल्या ट्रायगोनाच्या जवळच्या नाहीत. म्हणून आता टेट्रागोन्युला इरिडिपेनिस (स्मिथ, १८५४) असं लिहितात. कंसाकडे लक्ष द्या. लेखकाचं नाव कंसात असलं, की समजायचं जातीचा वंश मूळ वर्णनानंतर बदलला आहे. एपिस सेराना फॅब्रिशियस, १७९३ मध्ये कंस नाही, कारण वंश पहिल्यापासून एपिसच. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो.

पाच वर्षांचा फरक

आता सातेरी. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७८७ मध्ये एपिस फ्लोरिया (आपली फुलोरी), १७९३ मध्ये एपिस डॉर्साटा (आग्या) आणि एपिस सेराना, तर १७९८ मध्ये एपिस इंडिका अशी नावं दिली. सेराना चीनकडच्या नमुन्यावरून, इंडिका भारतातल्या.

पुढच्या अभ्यासकांनी ठरवलं, की चीनमधली आणि भारतातली ही पोकळीत घर करणारी माशी एकच जाती आहे. एकच असेल तर आधीचं नाव टिकतं. १७९३ हे १७९८ च्या आधी, म्हणून सेराना. इंडिका हे नाव त्यामुळे रद्द झालं नाही, कपाटात गेलं. रुटनर यांनी १९८८ च्या ग्रंथात ते उपजातीच्या पातळीवर ठेवलं, आपल्या प्रबंधांतल्या 'एपिस सेराना इंडिका'सारखंच. उद्या कोणी पटवून दिलं, की भारतातली माशी वेगळी जाती आहे, तर नवं नाव शोधायची गरज नाही. इंडिका कपाटातून बाहेर येतं.

एकाच वंशाबद्दल अभ्यासकांचं मत किती बदलतं बघा. मा यांनी १९५३ मध्ये मधमाश्यांच्या २४ जाती मानल्या. रुटनर यांनी चार. एंगल यांनी १९९९ मध्ये सात. माश्या त्याच होत्या. रेषा कुठे मारायची, याचं उत्तर बदलत गेलं. म्हणजे जातीचं नाव हे निव्वळ लेबल नसून एक गृहीतक आहे. संशोधनाच्या विद्यार्थ्याने नावाकडे तसंच बघावं.

२०२२ चा निबंध काय म्हणतो

शानस एस., अंजू कृष्णन जी. आणि मशहूर के. यांचा निबंध 'एन्टोमॉन' या नियतकालिकात आला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, एपिस इंडिकाला पुन्हा जातीचा दर्जा. दोन, पश्चिम घाटातल्या काळसर माशीला एपिस करिंजोडियन हे नवं नाव. पुरावा म्हणून पंखाच्या शिरांवरून काढलेला 'रेडिओ-मीडियल इंडेक्स' हा नवा निर्देशांक आणि सोबत रेणवीय माहिती. या जातीचं क्षेत्र म्हणून गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूचा काही भाग सांगितला गेला. महाराष्ट्राचं नाव त्यात नाही.

बातम्यांचा मथळा होता, 'भारतात २०० वर्षांनी नवीन मधमाशी सापडली'. इथे पहिली टीका, आणि ती निबंधावर नसून मथळ्यावर आहे. माशी 'सापडली' नाही. डोंगराळ भागातली काळी आणि मैदानातली पिवळी असे सातेरीचे दोन प्रकार मधपाळांना आणि भारतीय मधमाशी साहित्याला कित्येक दशकं माहीत आहेत. सापडली नाही, नाव मिळालं. तुमच्या प्रस्तावनेत 'अलीकडे शोध लागला' असं लिहू नका. 'स्वतंत्र जाती म्हणून वर्णन झालं' असं लिहा. शब्दांचा फरक छोटा आहे, पण परीक्षक तिथेच थांबतात.

जमेची बाजू

टीका करायची म्हणजे फक्त खोड काढायची नाही. या निबंधाने एक चांगलं काम केलं: 'सगळं सेराना' म्हणून झाकून ठेवलेला प्रश्न उघडा केला. आपल्याकडचे कितीतरी प्रबंध ओळख पटवल्याशिवाय 'एपिस सेराना इंडिका' लिहून मोकळे होतात. का, तर आधीच्या प्रबंधात तसं होतं म्हणून. त्या आळशीपणापेक्षा धाडसी पण तपासता येणारा दावा केव्हाही बरा.

शिवाय हा दावा हवेतून आलेला नाही. ओल्डरॉइड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दक्षिण भारतातल्या पोकळीत घर करणाऱ्या मधमाश्यांच्या दोन रंगप्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की दोघींत प्रजननाची फारकत असल्याचा पुरावा मिळतो. नर माश्यांच्या उड्डाणाच्या वेळा तिथे महत्त्वाच्या होत्या. मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या अभ्यासांतही मैदानी पिवळ्या माशीचा मातृवंश काळ्या माशीहून वेगळा निघतो. तेव्हा 'दोन जाती असू शकतात' ही शंका रास्त आहे.

कुठे अडतं

आता खरा मुद्दा. कोणताही असा निबंध हातात आला, की चार प्रश्न विचारा. करिंजोडियनच्या निमित्ताने ते सांगते, पण उद्या कोळी असो, बेडूक असो, प्रश्न हेच.

१. निर्देशांक जातीची सीमा दाखवतो की नुसता फरक? दोन गटांची सरासरी वेगळी असणं सोपं आहे. नाशिककरांची आणि कोल्हापूरकरांची सरासरी उंचीही वेगळी निघू शकेल. प्रश्न हा, की मधल्या भागातल्या माश्या घेतल्या तर आकडे दोन ढिगांत राहतात की हळूहळू एकमेकांत मिसळतात? सातेरीचा आकार उत्तरेकडे आणि उंचीकडे वाढत जातो, हे जुनं निरीक्षण आहे. गुणोत्तर घेतल्याने आकाराचा परिणाम कमी होतो, नाहीसा होतोच असं नाही. शिवाय रुटनर यांच्या परंपरेत डझनावारी मोजमापं एकत्र घेऊन गट पाडतात. नवा निर्देशांक त्या सगळ्यांच्या जोडीला येतो तेव्हा बळकट होतो. त्यांच्या जागी एकटा उभा केला तर डळमळतो.

२. नमुना म्हणजे माशी की वसाहत? एका पोळ्यातल्या वीस कामकरी माश्या एकाच राणीच्या मुली असतात. त्या वीस स्वतंत्र नमुने नव्हेत, तो एक नमुना. तक्त्यात संख्या वाचताना वसाहती किती, हे आधी शोधा. आणि त्या वसाहती कुठल्या? पेटीतल्या माशीवर विसंबता येत नाही, कारण पेट्या फिरतात. महाबळेश्वरच्या मध संचालनालयापासून खासगी मधपाळांपर्यंत सगळीकडून वसाहती एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातात. घोडेगावच्या शेतावर ठेवलेल्या पेटीतली सातेरी घाटातून आलेली असू शकते. झाडाच्या ढोलीतली, भिंतीतली, विहिरीच्या कपारीतली रानटी वसाहत घ्या.

३. डीएनए कोणता? मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो. मैदानातल्या राणीचा घाटातल्या नराशी संकर होत राहिला, तरी मायटोकॉन्ड्रियात त्याची खूण उमटत नाही. म्हणून तिथे दोन फांद्या वेगळ्या दिसल्या, तरी 'संकर होत नाही' असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी केंद्रकी डीएनए लागतो.

४. दोघी एकत्र राहतात तिथे काय होतं? ही सगळ्यात कडक परीक्षा. श्रीलंकेत १९७६ मध्ये कोनिगर आणि विजयगुणसेकरा यांनी दाखवलं, की फुलोरीचे नर दुपारी उडतात, सातेरीचे दुपार कलल्यावर आणि आग्याचे तिन्हीसांजेला. वेळा वेगळ्या म्हणून जाती वेगळ्या राहतात. बोर्निओत तर याहून बोलकं उदाहरण आहे. तिथल्या तांबूस माशीला १९०६ मध्येच कोशेव्हनिकोव्हाय हे नाव मिळालं होतं, पण ते मागे पडलं होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, ही माशी आणि सेराना एकाच जंगलात न मिसळता राहतात हे स्पष्ट झालं, तेव्हा तिचं जाती म्हणून स्थान पक्कं झालं. आज त्यावर कोणी वाद घालत नाही. करिंजोडियनला तेवढीच मान्यता हवी असेल, तर तिलाही ही परीक्षा द्यावी लागेल, आणि ती पश्चिम घाटाच्या पूर्व उतारावर, जिथे काळी आणि पिवळी भेटतात तिथे.

माझा निर्णय इथे उभा आहे: शंका रास्त, नाव रीतसर, पण सीमारेषा अजून पेन्सिलीने मारलेली. अनेक अभ्यासक आजही व्यापक अर्थाने सेरानाच लिहितात आणि त्यात मागासलेपण नाही.

नगर जिल्हाच प्रयोगशाळा

आता तुम्ही म्हणाल, आपण केरळला जाऊन काय करणार? जायची गरजच नाही. आपल्या जिल्ह्याचा नकाशा बघा. पूर्वेला नेवासा, ऊस आणि कांद्याचं कोरडं मैदान. पश्चिमेला अकोले, भंडारदरा, हरिश्चंद्रगड आणि १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, म्हणजे अस्सल सह्याद्री. घोडेगाव, राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर, भंडारदरा अशी ओळ धरली, तर मैदान ते घाटमाथा हा सगळा उतार एका जिल्ह्यात मिळतो. ठरावीक अंतरावर रानटी वसाहती शोधायच्या, प्रत्येकीतून कामकरी माश्या घ्यायच्या, पंख मोजायचे, केंद्रकी आणि मायटोकॉन्ड्रियल असा दोन्ही डीएनए बघायचा, आणि जमेल तिथे नरांच्या उड्डाणाची वेळ नोंदवायची. आकडे एकदम उडी मारतात की सावकाश चढतात? यापैकी कोणतंही उत्तर आलं, तरी तो प्रसिद्ध करण्याजोगा निष्कर्ष आहे. पीएच.डी.चा प्रश्न असा असावा, की उत्तर 'नाही' आलं तरी हात रिकामे राहू नयेत.

आणि हे फक्त नावासाठी नाही. कांद्याच्या गोंड्यात एका फुलाचे पराग आधी गळतात आणि कुक्षी नंतर तयार होते, त्यामुळे बियाणं धरायला कीटक लागतातच. डोंगळे लावणारा शेतकरी सातेरीची पेटी विकत घेतो तेव्हा ती माशी मैदानातल्या उन्हात टिकणारी आहे की घाटातली, यावर त्याचे पैसे आणि त्याचा हंगाम अवलंबून असतो. दोन वेगळ्या जाती एकाच नावाखाली इकडून तिकडे हलवल्या जात असतील, तर नुकसान माशीचंही आणि त्याचंही.

जुनं साहित्य शोधताना

इथे बरेच जण ठेचकाळतात. पुण्यातले देवडीकर, ठकार आणि शहा यांनी १९५९ मध्ये भारतीय मधमाशीच्या गुणसूत्रांवर निबंध लिहिला. त्यात नाव आहे एपिस इंडिका. तुम्ही फक्त 'एपिस सेराना' टाकून शोधलंत तर असं महत्त्वाचं मराठी मुलखातलं काम हातातून निसटू शकतं. म्हणून शोध घेताना सेराना, इंडिका, सेराना इंडिका ही सगळी नावं टाका.

आणि आता गंमत बघा. १९५९ च्या लेखकांसाठी इंडिका म्हणजे भारतातली सगळीच सातेरी. २०२२ च्या लेखकांसाठी इंडिका म्हणजे त्यातला एक भाग. शब्द तोच, हद्द वेगळी. तेव्हा जुन्या निबंधातली इंडिका ही आजच्या अर्थाची इंडिका आहे, असं गृहीत धरलंत तर ते १९८१ च्या आधीच्या औरंगाबादला आजचा जिल्हा समजण्यासारखं होईल. जुन्या निबंधातलं नाव उतरवताना 'मूळ लेखकाच्या अर्थाने' असं लिहायला विसरू नका.

मग प्रबंधात काय लिहायचं?

पहिल्या उल्लेखात: एपिस सेराना फॅब्रिशियस, १७९३ (व्यापक अर्थाने). खाली एक वाक्य: २०२२ मध्ये इंडिका आणि करिंजोडियन या वेगळ्या जाती मानाव्यात असं सुचवलं गेलं आहे, या अभ्यासात ती विभागणी तपासलेली नाही. तुम्ही तपासली असेल, तर कशी, ते लिहा.

रंगप्रकार नोंदवा. पिवळी की काळसर, फोटोसह. उद्या रेषा पक्की झाली तर तुमची माहिती फुकट जाणार नाही.

चिठ्ठी पूर्ण लिहा. नमुन्यावर नुसतं 'घोडेगाव' लिहून चालणार नाही. एक घोडेगाव आपल्या नेवासा तालुक्यात आहे, दुसरं पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्याचं ठिकाण, भीमाशंकरच्या रस्त्यावर. एक मैदानातलं, दुसरं घाटाकडचं, म्हणजे नेमका ज्या प्रश्नासाठी आपण नमुना घेतोय तोच प्रश्न अर्धवट चिठ्ठीमुळे अनुत्तरित राहील. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पोळं कुठे होतं, आणि पेटी असेल तर ती कुठून आणली, हे सगळं हवं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर लिहा. जुन्या चिठ्ठ्यांवरचं अहमदनगर खोडू नका.

नमुने जमा करा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. विभागाच्या कपाटातल्या डबीवर भरवसा ठेवू नका. फॅब्रिशियसच्या संग्रहातल्या माश्या दोनशे वर्षांनंतरही कोपनहेगनला बघता येतात, म्हणून तर आज आपण त्यांच्यावर वाद घालू शकतो. तुमच्या माश्यांवर पुढच्या कोणाला तरी वाद घालता यावा, एवढी सोय ठेवायलाच हवी.

आणि मार्गदर्शकांनी विचारलं, "सर्व लोक इंडिका लिहितात, तू का नाही?" तर घाबरू नका. वरचे चार प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा. चांगला मार्गदर्शक पाचवा प्रश्न स्वतः विचारेल.

पुढच्या वेळी डंखहीन माश्यांच्या 'इरिडिपेनिस' या नावाखाली किती माश्या लपल्या आहेत, ते बघू. तोपर्यंत एक गृहपाठ: तुमच्या विभागातला सातेरीवरचा कोणताही एक प्रबंध काढा आणि 'साहित्य व पद्धती' प्रकरणात ओळख कोणी, कशावरून पटवली, ते वाक्य शोधा. सापडलं तर खाली लिहा. नाही सापडलं तरी लिहा.